उसना श्वास

दिवा जरा इकडे सरकवा. ऐकणाऱ्याचं तोंड दिसलं की मला बरं वाटतं. अंधारात बोलणं मी सोडलं आहे.

त्या दुपारी मी नेहमीसारखी शिकवणीला निघाले होते. वाटेत चष्म्याची सैल झालेली काडी बसवून घेतली, एवढंच काय ते विशेष. मी नटांना आवाज शिकवते. बोलायचं कसं, थांबायचं कुठं, श्वास पोटातून कसा घ्यायचा, हे सगळं. आयुष्य या धंद्यात गेलं आणि एक गोष्ट पक्की कळली. नटाला आवाज नको असतो, टाळ्या हव्या असतात. आवाज ही मधली कटकट.

माझी खोली नाट्यगृहाच्या तळघरात आहे. भिंतींना, छताला, दाराला आतल्या बाजूनं जाड फोम ठोकलेला. खिडकी नाही. दार लावलं की बाहेरचं काही आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. नवीन माणूस तिथं बसला की थोड्या वेळानं विचारतो, ‘हे कानात काय वाजतंय?’ त्याचंच रक्त वाजत असतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःचं काही ऐकलेलं असतं, म्हणून घाबरतो.

त्या दुपारी जो विद्यार्थी यायचा होता, त्याला मी राजपुत्र म्हणते. मालिकांतला देखणा नायक. रस्त्यानं चालला तर बायका वळून बघत. आणि तोंड उघडलं की नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. उपाशी मांजराच्या पिलासारखा आवाज. मालिकेत त्याच्याऐवजी दुसराच कोणी बोलायचा. पण आमचा निर्माता म्हणजे उंटावरचा शहाणा. त्यानं एक जुनं नाटक पुन्हा उभं करायला घेतलं आणि त्यातल्या म्हाताऱ्या सेनापतीची भूमिका या बाहुल्याला दिली.

‘चेहरा बघायला लोक येतील,’ निर्माता मला म्हणाला. ‘आवाजाचं तेवढं तुम्ही बघा, बाई.’

ती भूमिका पूर्वी माझ्या नवऱ्यानं गाजवली होती. लोक त्यांना नटवर्य म्हणत. तो आवाज मी घडवला होता, लग्नाआधी ते माझेच विद्यार्थी. पण एकाही सत्कारात माझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. आयत्या बिळावर नागोबा. घरात त्या आवाजाचा उपयोग एकच, माझा पाणउतारा करून मला गप्प बसवणं. ते गेले तेव्हा लोक हळहळले. मीही रडले. पण त्यानंतर घरात जी शांतता आली, ती मला फार गोड वाटली. आयुष्यात माझ्या वाट्याला आलेली ती पहिली कमाई होती आणि ती मला कोणाशी वाटून घ्यायची नव्हती.

राजपुत्राला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. महिनाभर तो जांभया देत आला आणि जांभया देत गेला. मग निर्मात्यानं त्याला जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग दिलं. आणि त्या दुपारी तो आला, स्टुलावर बसला आणि सेनापतीचं पहिलं वाक्य बोलला.

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. आवाज हुबेहूब तोच. तीच खर्जातली घरघर, शब्दाच्या शेवटाला तोच तोरा.

‘कसं जमवलंस?’ मी विचारलं.

‘सोप्पं आहे, मॅडम. कानात रेकॉर्डिंग लावूनच झोपतो. ते जिथं श्वास घेतात तिथं मी घेतो, ते सोडतात तिथं सोडतो. आवाज आपोआप येतो.’

‘श्वास उचललास?’

‘हो. का?’

आमच्या धंद्यात एक दंडक आहे. माझ्या गुरूंनी तो पहिल्या दिवशी सांगितला होता. सूर उचलावा, चाल उचलावी, लकब उचलावी. दुसऱ्याचा श्वास मात्र उचलू नये. साधे नकलाकारसुद्धा हे पाळतात. का, ते गुरूंनी सांगितलं नाही. मला वाटायचं, प्रत्येकाची छाती वेगळी असते, तब्येत बिघडत असेल. मी राजपुत्राला तेवढंच सांगितलं.

तो हसला. ‘मॅडम, श्वास म्हणजे हवा. हवा काय कोणाच्या बापाची आहे?’

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी वाद घातला नाही. म्हटलं, पाठ फिरवून बस. माझी एक पद्धत आहे. दिवा घालवायचा, विद्यार्थ्याच्या मागे बसायचं आणि त्याच्या बरगड्यांखाली तळवा ठेवून त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. तो घेतो तेव्हा मी घेते, तो धरतो तेव्हा मी धरते. नट डोळ्यांना फसवू शकतो, तळव्याला नाही.

मी बटण दाबलं. त्या खोलीतला अंधार डोळ्यांवर हात ठेवल्यासारखा दाट असतो. मी तळवा ठेवला.

दोन आखूड श्वास. मग डाव्या बाजूला एक अडखळ. मग बारीक शीळ घालत सुटणारा लांब उच्छ्वास.

पुन्हा दोन आखूड. पुन्हा अडखळ.

हा श्वास मला पाठ होता. शेवटच्या आजारपणात नटवर्यांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, तेव्हा ते आडवे झोपू शकत नसत. मी त्यांच्या पाठीला तळवा लावून रात्र रात्र बसत असे. ते रेकॉर्डिंग त्यांच्या भर तारुण्यातलं होतं, छाती बैलासारखी होती तेव्हाचं. हा श्वास त्यात नव्हता. तो फक्त आमच्या झोपायच्या खोलीत होता आणि तिथं त्याला ओळखणारी मी एकटी होते.

मग वास आला. दाढी चिकटवायच्या डिंकाचा, उग्र. राजपुत्राच्या तोंडाला तर अजून रंगही लागला नव्हता.

‘अजून... शिकवतेसच का?’

हे वाक्य नाटकात नाही.

‘कोण बोललं?’ मी विचारलं.

‘मॅडम...’ राजपुत्राचा स्वतःचा, चिरका आवाज कुठूनतरी खालून आला. ‘मॅडम... मी नाही बोललो...’

आणि लगेच, त्याच गळ्यातून, सावकाश... ‘हात काढू नकोस. तुझ्या हाताशिवाय... मला कधी धड श्वास घेता आला का?’

मी घाबरले. खोटं कशाला सांगू? पण भीतीहून मोठा राग आला. जिवंतपणी माझी मेहनत फुकट वापरली, आणि मेल्यावरही पुन्हा मलाच राबवायला आले! ती माझी शांतता, तीही यांना बघवली नाही!

‘सोड,’ मी राजपुत्राला म्हणाले. ‘आतला सगळा श्वास सोड. मी सांगेपर्यंत नवा घेऊ नकोस.’

त्यानं माझं कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

श्वास सुटायला लागला. सुटतच राहिला. बरगड्या आत गेल्या, पोट पाठीला लागलं, तरी ती शीळ थांबेना. माणसाच्या छातीत एवढी हवा मावत नाही. फोम सगळे आवाज पिऊन टाकतो, पण ती शीळ खोलीभर फिरली, माझ्या कानाजवळून गेली आणि मग बंद झाली.

तळव्याखाली काही हलेना.

‘आता घे,’ मी म्हणाले. ‘तुझा घे. वेडावाकडा कसाही घे...’

तो घेईना. मी दुसऱ्या हातानं भिंत चाचपत होते, बटण सापडत नव्हतं. आणि इतका वेळ, सवयीनं, मीही माझा श्वास धरून ठेवला होता, तो घेईल तेव्हा घ्यायचा म्हणून. छाती फुटायला आली. डोळ्यांपुढे ठिणग्या नाचायला लागल्या. शेवटी मला राहवलं नाही.

त्या बंद खोलीत पहिला श्वास मी घेतला.

त्यानंतर त्यानं घेतला. हुंदका देऊन, धापा टाकत. ‘मॅडम, लाइट लावा ना... लाइट लावा ना...’ इतका भिकार आवाज ऐकून मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

राजपुत्रानं दुसऱ्याच दिवशी भूमिका सोडली. पुन्हा मालिकांत गेला, पुन्हा त्याच्याऐवजी दुसराच बोलतो. भित्रा निघाला, पण वाचला.

माझं मात्र उत्तम चाललं आहे. शिकवणीत आता कोणी जांभई देत नाही. दोघीतिघी रडत निघून गेल्या, जाऊ देत, त्यांच्यात काही नव्हतंच. निर्माता म्हणतो, ‘बाई, तुमच्या बोलण्याला हल्ली काय धार आलीय!’ खरं आहे. पूर्वी मला माणसांना टाकून बोलणं जमत नसे. विद्यार्थ्याला मी ‘बाळा’ म्हणायचे म्हणे. मला तर आठवतही नाही.

माझी मुलगी परगावी नोकरी करते. खूप दिवस तिचा फोन नव्हता, काल आला. तिची नोकरी, तिचा नवरा, तिनं नव्यानं घेतलेलं घर, या सगळ्याबद्दल माझं जे मत आहे ते मी तिला स्पष्ट सांगत होते. बोलता बोलता लक्षात आलं, पलीकडून हूं की चूं येत नाहीये.

‘ऐकतेयस ना?’ मी म्हणाले.

मग ती अगदी हळू बोलली, लहानपणी दाराआड लपून बोलायची तशी.

‘आई... कुठंय?’

‘अगं, मीच बोलतेय.’

‘बाबा...’ ती रडायला लागली. ‘बाबा, आईला फोन द्या ना... तिला काही केलं नाही ना तुम्ही?’

मी तिला समजावत राहिले. पण जितकं समजावत गेले, तितकी ती जास्तच घाबरत गेली.