एर्मांसच्या पायाशी

दुपार झाली की फ्रान्समधल्या बेर्कच्या किनाऱ्यावर रुग्णांच्या गाड्या निघायच्या. गाडी म्हणजे चाकांवरची लांबट पेटी. पुढे गाढव, आत प्लास्टरमध्ये आवळलेला माणूस उताणा. अशाच एका गाडीतल्या एर्मांसचा मणका क्षयानं पोखरला होता. पाय बधिर पडले तेव्हा डॉक्टरांनी पाठ उघडून सडकं हाड काढलं, आतला दाबलेला मज्जारज्जू मोकळा केला. असं धाडस त्या काळी थोड्याच डॉक्टरांनी केलं होतं, आणि त्यांचे रोगी बहुतेक दगावलेच होते. एर्मांस वाचली, पण पायांना काही कळेना. महिनाअखेर कळलं नाही तर आशा सोडायची, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. बिचारी विशीतली पोर.

मान वळत नसल्यानं तिच्या चेहऱ्याच्या वर आरसा टांगलेला असे. त्यात दिसेल तेवढंच तिचं जग.

"ऊन खा जरा. मेणबत्तीचा रंग बरा तुझ्यापेक्षा," गाढव हाकणारी फिलोमेन आजी म्हणाली.

पण ऊन गेलं. समुद्रावरून धुकं आलं, कुजक्या शेवाळाचा वास दाटला. गाढव अडून बसलं. लाटांचा आवाजही बंद झाला, आणि थंडगार, ओल्या बोटांनी एर्मांसच्या पायाचा अंगठा दाबला.

"आजी... माझा पाय धरलायस?"

"मी इथं गाढवाशी झटतेय. तुझ्या पायाशी कुत्रंसुद्धा नाही."

एर्मांसनं आरशात पाहिलं. पांघरुणावर एक हात होता. मनगटामागे नुसतं धुकं. तिच्या तोंडचं पाणी पळालं... आणि मग तिच्या ध्यानात आलं, आपल्या पायाला कळतंय. भीतीनं आणि आनंदानं ती एकदमच रडायला लागली.

"सोडू नकोस," ती पुटपुटली.

संध्याकाळी डॉक्टरांनी अंगठ्याला सुई टोचली. "दुखलं?"

"दुखलं."

कधी न हसणारे डॉक्टर खुर्चीत बसून पोट धरून हसले. नर्सनं देवाचे आभार मानले.

"आभार माझ्या गाढवाचे माना," आजी म्हणाली. "तेच अडलं ना तिथं."

दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत कळू लागलं. एर्मांसच्या मनावरची धोंड उतरली. डॉक्टर खुशीत होते. "आठवड्यात कमरेपर्यंत येईल बघ."

कोरड्या पांघरुणाखाली ओली बोटं गुडघ्याच्या वर चाचपत होती.

"आणि डॉक्टर... कमरेच्या वर?"

"वर सगळं शाबूत आहे, पोरी. वर यायची गरजच नाही."

एर्मांसनं ते शेवटचं वाक्य पांघरुणाखाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा म्हटलं. बोटं क्षणभर थांबली.