चौथ्या मजल्यावरचा गहू

"दर रविवारी कोणीतरी मला गहू खाऊ घालतंय," बाइंडर म्हणाले.

टाचणीबाईंनी मान वर केली. त्या खासगी गुप्तहेर होत्या. अंगानं बारीक, नजरेनं टोकदार, म्हणून टाचणी. त्यांच्या सहायकाला लोक उशी म्हणत. त्याचं कारण समोर दिसतच होतं, शिवाय बाईंचे सगळे टोमणे त्याच्यातच रुतत.

"गहू खाऊ घालणं गुन्हा आहे?" उशीनं विचारलं.

"मला घातला तर आहे. ग्लूटेन पोटात गेलं की माझी आतडी संपावर जातात. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून स्वयंपाकघरात गव्हाचा कण नाही. नाश्ता, मधल्या वेळचं खाणं, सगळं तेव्हा शिकलो आणि स्वतः करतो. तरी गेले पाच आठवडे दर सोमवारी पहाटे पोट बिघडतंय."

"घरी येतं कोण?"

"तिघं. रविवारी दुपारी भाची. रोज सकाळी समोरच्या काकू. आणि पोस्टमन. बाई, तिघांतलं जे कोणी असेल ते शोधा. पण बेतानं शोधा. एक गेलं की दोघंच उरतात."

बाइंडरांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जिन्याखाली पत्रांच्या पेट्या होत्या. टाचणीबाईंनी बाइंडरांची पेटी उघडून बंद केली, पुन्हा उघडली. उशी तेवढ्या वेळात पहिल्या मजल्यावर पोचला आणि तिथंच बसला.

चौथ्या मजल्यावरचं घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत पुस्तकं बांधायच्या चाळीस वर्षांच्या धंद्याचं सामान एका फळीवर मांडलेलं: दाभण, दोरा, कात्री, ब्रश, आणि "खळ" अशी चिठ्ठी लावलेला डबा. स्वयंपाकघरात बरण्यांची रांग. तांदूळपीठ, मका, शेंगदाणे, खजूर. प्रत्येकीवर चिठ्ठी. खजुरातल्या "ज"ची शेपटी पार बरणीच्या मागच्या बाजूला गेली होती.

"करून दाखवा," टाचणीबाई म्हणाल्या.

बाइंडरांनी केळं कुस्करलं, तांदळाचं पीठ आणि दूध घालून ढवळलं. मग बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोड झालंय?" उशीनं आशेनं विचारलं.

"गोडाचं काय घेऊन बसलात, गुठळी बघतोय. गुठळी डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळते. चाळीस वर्षांची सवय आहे." त्यांनी अंडं फोडलं आणि सहा पॅनकेक केले. एक स्वतः खाल्ला, दोन उशीनं खाल्ले, उरलेले त्यांनी झाकून ठेवले.

"हे कोणाला?"

"कोणी आलं तर."

"आणि नाही आलं तर?"

"तर संध्याकाळी मी येतो."

उशी हसला. मग त्याला वाटलं, हसायला नको होतं.

टेबलावर पाकिटांची चळत होती. सगळी चिकटवलेली. टाचणीबाईंनी वरचं पाकीट उचललं. घडी सुरीच्या पात्यासारखी सरळ. पत्त्यात "चौथा मजला".

"उघडली नाहीत?"

"मित्राची पत्रं आहेत. सवडीनं वाचीन," बाइंडर म्हणाले. त्यांच्या दिवसात सवडीखेरीज दुसरं काहीही दिसत नव्हतं.

मग चौकशी सुरू झाली.

समोरच्या काकू दारातच कडाडल्या. "मी घरी ब्रेड करते, म्हणून माझ्यावर संशय? अहो, मी एप्रन बदलून, हात धुऊन त्यांच्याकडे जाते. एकदा विसरले तर त्यांनी मला दाराबाहेर खुर्ची टाकून दिली. थंडीत!"

"रोज जाता?"

"न चुकता. बोलायला बसतात आणि मग माझी भाजी करपते. गुन्हा झालाय तो माझ्या भाजीवर."

भाची फोनवर वैतागली. "मी मामाला गहू घालीन? रविवारी मी त्याच्याच बरणीतलं पीठ घेऊन, त्याच्याच भांड्यात, त्याच्या डोळ्यांदेखत केक करते. आणि गेल्या रविवारी तर मी गेलेच नव्हते."

"पण सोमवारी पोट बिघडलंच."

"हो ना! त्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला, तर दोन मिनिटांत म्हणाला, ठेव, कामं पडलीत. मामाला! कामं!"

पोस्टमनशी जिन्यात गाठ पडली. पिशवी खांद्यावर, दम छातीत.

"त्यांची खालची पेटी मोडलीय," तो म्हणाला, "म्हणून वर यावं लागतं. आधी त्यांचं साप्ताहिक यायचं. ते बंद पडलं. मग आठवडाभर काहीच नाही. मग ही पत्रं सुरू झाली. रोज एक."

"वर काही खाता?"

"ते सोडतात होय! शेंगदाण्याची वडी खाल्ल्याशिवाय खाली उतरूच देत नाहीत."

जिना उतरताना उशी कुजबुजला, "बाई, हाच! पेटी मोडलीय म्हणतो, पण तुम्ही तर ती मगाशी उघडझाप करून पाहिलीत. धडधडीत खोटं!"

"खोटं आहे खरं," टाचणीबाई म्हणाल्या. "तू आज पहिल्यांदाच काहीतरी पाहिलंस. जपून ठेव."

रविवारी दुपारी तिघंही बाइंडरांच्या बाहेरच्या खोलीत जमली. बाइंडर कोपऱ्यात उभे होते. निकाल जणू त्यांचाच लागायचा होता.

टाचणीबाईंनी घसा साफ केला. "तुमच्यापैकी कोणीही नाही. घरी जा."

"एवढंच?" काकू म्हणाल्या. त्या चांगली साडी नेसून आल्या होत्या.

"एवढंच."

तिघं गेली. बाइंडर खुर्चीत बसले. "म्हणजे तिघंही शिल्लक?"

"तिघंही. आता ऐका. काकू रोज येतात. त्यांच्या हाताला गहू असता तर तुम्ही रोज आजारी पडला असता. भाची गेल्या रविवारी आलीच नाही, तरी सोमवारी पोट बिघडलं. पोस्टमनला रविवारी सुट्टी. मग रविवारी संध्याकाळी या घरात कोण होतं? कामं पडलेला एक माणूस."

बाइंडरांनी टेबलावरची पाकिटं सारखी केली.

"गुठळी जिभेनं तपासायची तुमची सवय चाळीस वर्षांची. पण स्वयंपाक तुम्ही शिकलात दोन वर्षांपूर्वी. मग अडतीस वर्षं जीभ कशाला लावत होतात?" टाचणीबाईंनी फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं. "खळीला. उशी, हे काय आहे?"

उशीनं वास घेतला. "मैदा."

"मैदा नाही, खळीचं सामान आहे ते!" बाइंडर उसळून म्हणाले.

"खळ कशाची करता?"

"मैद्याची. मैदा पाण्यात शिजवला की…" ते मध्येच थांबले. "पण ते खाण्याचं नाही. ते धंद्याचं आहे."

"तुमच्या आतड्यांना तुमचा धंदा माहीत नाही. दर रविवारी तुम्ही खळ शिजवता, बोटानं चाटून बघता, आठवड्याची सहा पाकिटं बनवता आणि रोज एक स्वतःच्याच पत्त्यावर टपालात टाकता. ती घडी बाइंडरचीच. खजुरातला 'ज' आणि मजल्यातला 'ज', दोघांची शेपटी एकच. साप्ताहिक बंद पडलं, आठवडाभर पोस्टमन आला नाही, आणि मग तुमच्या मित्राची पत्रं सुरू झाली."

"आत काय लिहिलंय?" उशीनं विचारलं.

"कोरा कागद," बाइंडर हळूच म्हणाले. "मी मलाच काय कळवणार?"

टाचणीबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"खळ तांदळाच्या पिठाचीही होते," टाचणीबाई म्हणाल्या.

"आता नको. पोस्टमनला मात्र सांगू नका, बाई. चार मजले चढवले मी त्याला, कोऱ्या कागदासाठी."

"त्याला ते अक्षर ओळखू येत नसेल? रोज वडी खाताना तुमच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बघतो तो." त्या उठल्या. "आणि तो मोडलीय म्हणतो ती तुमची खालची पेटी मोडलेली नाही. तपासून पाहा."

मंगळवारी उशीला आठवलं की त्याची वही चौथ्या मजल्यावर राहिली. बाईंनी त्याला एकट्यालाच पाठवलं. प्रत्येक मजल्यावर बसत तो वर पोचला.

बाइंडर ठणठणीत होते. टेबल स्वच्छ होतं, पाकिटांची चळत नव्हती. ताटलीत शेंगदाण्याच्या वड्या झाकलेल्या. घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न ते फार मन लावून करत होते.

"काल आला नाही," ते म्हणाले. "बरोबरच आहे. पत्रच नव्हतं."

उशीनं वडी घेतली.

घंटी वाजली. दारात पोस्टमन, धापा टाकत.

"काका, काल रजेवर होतो," तो म्हणाला. "आज तुमचं पत्र नाही. म्हटलं, सांगून जावं."

बाइंडरांनी ताटलीवरचं झाकण काढलं.

"पिशवी नीट पाहिलीत का?" ते म्हणाले. "बसा. बसून बघा."