मागच्या सीटवरचा आवाज

त्या दुपारी वारा सुटला होता. दुकानाचं काचेचं दार आपोआप उघडत-मिटत होतं, म्हणून तो आत आला तेव्हा तिने मान वर केलीच नाही. मग काउंटरवर एक काळं हेल्मेट ठेवल्याचा आवाज झाला, आणि त्याच्या शेजारी, जरा हळूच, एक पांढरं.

दुकान तिच्या मामाचं. पुढच्या बाजूला मामा हेल्मेटं, हातमोजे आणि भरपूर गप्पा विकायचा. मागच्या खिडकीपाशी बसून ती हेल्मेटांत ब्लूटूथचे हेडसेट बसवायची – चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला वाऱ्यातही एकमेकांशी बोलता यावं म्हणून. हातात सदा चिमटा, म्हणून मामा तिला चिमटीच म्हणायचा. आलेल्या माणसाला ती तोंडओळखीने ओळखत होती. दोन गल्ल्या सोडून चष्म्याच्या काचा घासण्याचं त्याचं दुकान होतं. मामाचा चष्मा आणायला गेली होती तेव्हा तिला उगाचच वाटून गेलं होतं, की या माणसाची बोटं किती सावकाश चालतात...

“दोन्हींत बसवायचंय,” तो म्हणाला.

दोन्हींत. म्हणजे मागे बसणारं कोणीतरी आहे. तिने चिमटा पुसला आणि सगळ्यांना विचारायची तोच प्रश्न विचारला. “मागे बसतात त्यांचा आवाज कसा आहे? मोठा की मऊ? त्या अंदाजाने माइक लावावा लागतो.”

त्याने पांढऱ्या हेल्मेटवर हात ठेवला. “कुजबुजण्याइतका. आणि पुढच्या महिन्याच्या वीस तारखेनंतर – नाहीच.”

मग त्याने तुटक तुटक सांगितलं. मागे बसते ती आई. घशाचा आजार. वीस तारखेला ऑपरेशन, त्यात स्वरयंत्रच काढून टाकणार. तोवर आठवड्यातून तीनदा नदीपलीकडच्या हॉस्पिटलात जायचं. बसमध्ये ती गप्प बसते; लोक दोन-दोनदा ‘काय म्हणालात?’ विचारतात, त्याचा तिला संकोच वाटतो. गाडीवर मात्र सगळा वेळ बोलत असते. ती बोलतेय हे त्याला पाठीवर कळतं, पण शब्द उडून जातात.

“आता महिनाच उरलाय,” तो म्हणाला. “तो वाऱ्याला कशाला देऊ?”

तिने पांढरं हेल्मेट जवळ ओढलं आणि आतलं अस्तर सोडवायला घेतलं.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. स्पीकर कानाच्या खळगीसमोर बसला पाहिजे. बोटभर इकडे-तिकडे झाला की शब्दांची नुसती भुणभुण होते. माइक ओठांच्या कोपऱ्याशी हवा. मग दोन्ही संच एकमेकांशी जोडायचे – दिवा लाल-निळा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरायचं. तिची एक पद्धत होती. दुकानाचं स्वतःचं एक जुनं नारिंगी हेल्मेट होतं; ती आधी ते गिऱ्हाइकाच्या दोन्ही हेल्मेटांशी जोडायची, स्वतःच्या कानांनी आवाज पारखायची, मग त्या दोघांना एकमेकांशी जोडायची, आणि शेवटी नारिंगीची जोडणी पुसून टाकायची. ते शेवटचं काम चार वर्षांत ती एकदाही विसरली नव्हती.

पारख झाली. मग तिने पांढरं हेल्मेट घातलं आणि त्याला काळं घालून दाराशी, पाठ करून उभं केलं. गाडीवर पाठच दिसणार ना.

“ऐकू येतंय?” ती त्याच्या आईइतकं हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाली.

“येतंय.”

तो आवाज बाहेरून आलाच नाही. जिथे माणसाचे स्वतःचे विचार असतात ना, अगदी तिथे उमटला. ती जागच्या जागी थबकली.

“बोला ना काहीतरी,” तो म्हणाला.

“काय बोलू?”

“काहीही. आई काहीही बोलते.”

तिने खोक्यावरच्या सूचना वाचायला घेतल्या. कुजबुजत. पाण्यात बुडवू नये, उन्हात ठेवू नये, लहान मुलांपासून दूर ठेवावे... तिसऱ्या सूचनेला तो हसला. ते हसूही तिथेच, आत उमटलं. त्याची पाठ तेवढी हलली.

तो गेल्यावर तिने नारिंगी हेल्मेट फळीवर ठेवून दिलं. जोडणी पुसायची राहिली.

ते तिला कळलं तिसऱ्या दिवशी. सकाळी दुसऱ्या कुणाचा संच तपासायला तिने नारिंगी डोक्यात घातलं, तर कानात एक खरखरीत, थकलेला, पण ठाम बायकी आवाज आला. “ती बघ. खिडकीतली. केसांत पेन्सिल खोचलीय ती.”

“आई, सिग्नल बघू दे.”

तिने वर पाहिलं. दुकानासमोरच्या चौकात लाल दिवा होता. काळं हेल्मेट पुढे, पांढरं मागे. नव्वद सेकंदांचा तो दिवा. जोडणी पुसायला पाच सेकंद बटण दाबलं की झालं. तिने अंगठा बटणावर ठेवला...आणि दाबला नाही.

पुढे सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहा वाजून दहा मिनिटांनी ती नारिंगी हेल्मेट घालून बसू लागली. नव्वद सेकंद. आई आपल्या मुलाला उरलेला संसार सांगत होती. लोकरीचं गरम पाण्यात घालू नकोस, कोमट घे. मोठ्या आत्याशी वाद घालू नकोस, नुसतं हो म्हण आणि आपलंच कर. माझ्या खोलीची खिडकी पावसाळ्यात फुगते, ती खालून उचलून लाव. तो हं, हं करायचा. कधी त्याचा हुंकार मध्येच अडकायचा, तेव्हा आई मुद्दाम काहीतरी टोचून बोलायची आणि तो हसायचा.

“सोमवार, बुधवार, शुक्रवार दहा वाजले की तुला ते हेल्मेट पुसून डोक्यात घालायची हुक्की येते,” मामा म्हणाला. “रंग जाईल त्याचा, चिमटे.”

ती हसली नाही. आपण करतोय त्याला काय म्हणतात ते तिला पक्कं ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा शुक्रवार आला. लाल दिवा लागला.

“विचार तिला,” आई म्हणाली. आवाज आता पुसत आलेल्या पाटीवरच्या अक्षरांसारखा झाला होता. “मला ऐकायचंय तू विचारलंस म्हणून.”

“काय विचारू, आई? घरात हे आजारपण. कुणाला कशाला ओढायचं त्यात?”

“आजारपण माझं आहे. तुला काय झालंय?”

दिवा हिरवा झाला. तिने हेल्मेट काढलं तेव्हा तिच्या कानशिलांवर घाम होता. त्याच्या मनात आपण आहोत हे तिला कळलं होतं, पण ते त्याने दिलेलं नव्हतं; तिने उचललं होतं. आता तो उद्या विचारायला आला, तर कोणत्या तोंडाने हो म्हणायचं?

तो आला महिन्याभराने, सोमवारी. गाल बसले होते. ऑपरेशन नीट झालं होतं; हॉस्पिटलच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. त्याने पांढरं हेल्मेट काउंटरवर ठेवलं. “यातला संच काढून टाका. उपयोग नाही आता.”

तिने हेल्मेट उलटं करून आतला माइक पाहिला. “पाच मिनिटं द्याल?”

तिने ओठांपाशी येणारा माइक सोडवला आणि कानाच्या वर, हेल्मेटच्या कवचाला आतून टेकवून बसवला. संवेदनशीलता पूर्ण वाढवली. मग त्याला काळं हेल्मेट घालायला सांगितलं, आणि पांढऱ्यावर बाहेरून नखाने एकदाच टक केलं.

त्याचे डोळे मोठे झाले.

“एक म्हणजे हो,” ती म्हणाली. “दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे थांब. तुम्ही बोला, त्या उत्तर देतील.”

तो काहीतरी बोलणार होता. पण त्याची नजर तिच्या हाताशी असलेल्या नारिंगी हेल्मेटकडे गेली. सोमवार होता, सवयीने तिने ते सकाळीच सुरू केलं होतं. त्याचा निळा दिवा इतर दोघांच्या तालावर लुकलुकत होता.

“हे तिसरं कुठे जोडलंय?”

खोटं सांगणं सोपं होतं. तपासणीसाठी असतं, म्हटलं असतं तर त्याला पटलं असतं.

“तुमच्याशी,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी पुसायचं राहिलं. चुकून. नंतर...चुकून नाही. सिग्नलला थांबायचात तेव्हा मी ऐकत होते.”

“किती वेळा?”

“अकरा.”

त्याने काळं हेल्मेट डोक्यातून काढलं. “तिचं शेवटचं बोलणं होतं ते,” तो म्हणाला. “माझं होतं.”

“हो.”

तिने अंगठा नारिंगीच्या बटणावर ठेवला आणि पुसू का, असं नजरेनेच विचारलं. तो दोन्ही हेल्मेटं घेऊन निघून गेला.

बुधवारी सिग्नलवर कोणी थांबलं नाही. ते दुसऱ्या रस्त्याने गेले असावेत. तिने नारिंगीला हात लावला नाही, त्याची जोडणीही पुसली नाही. मामा दोन दिवस एकही विनोद न करता वावरत होता, यावरून तिचा चेहरा कसा दिसत असेल ते समजावं.

शुक्रवारी दहाला काचेचं दार उघडलं आणि एक ठेंगणी बाई आत आली. गळ्याभोवती रुमाल, हातात पांढरं हेल्मेट, काखेत वही. बाहेर तो गाडीवर बसून होता, तोंड रस्त्याकडे.

“काकू,” ती उठून उभी राहत म्हणाली.

काकूंनी हातानेच तिला बसवलं, केसांतली पेन्सिल हक्काने काढून घेतली आणि वहीत लिहायला लागल्या. अक्षर घोटीव होतं.

‘बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. लाइनवर तिसरं कोणी आलं की आवाज किंचित खोल जातो. मला पहिल्याच सोमवारी कळलं.’

पान उलटलं.

‘लोकरीचं कोमट पाण्यात, हे त्याला काय सांगायचं? चौदा वर्षं घरातलं सगळं धुणं तोच धुतोय. मी कुणाशी बोलत होते?’

तिच्या डोळ्यांसमोरची अक्षरं पसरली. काकूंनी पेन्सिल पुन्हा तिच्या केसांत खोचली, गालाला ओझरता हात लावला, आणि बाहेर जाऊन तीच दोन पानं मुलाच्या नाकासमोर धरली. त्याने वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग आई मागे बसली आणि गाडी चौकापर्यंत गेली. लाल दिवा लागला.

तिने नारिंगी हेल्मेट घातलं.

आधी नुसता वारा. मग तो आवाज, तिथेच, आत.

“ऐकतेयस?”

‘तू’ म्हणाला तो तिला.

“राग गेला नाही अजून,” तो म्हणाला. “जाईल, पण वेळ लागेल. मला...शनिवारी ही मागची सीट रिकामी असते. नदीकाठाने एक रस्ता जातो, तिथे वारा फार असतो, ओरडून बोललं तरी ऐकू येत नाही. म्हणून विचारतोय – येशील?”

टक. स्पष्ट, एकदाच.

“आई, तुला नाही विचारलं.”

तिला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्हींमुळे शब्द फुटेना. सेकंद संपत आले होते. पलीकडे त्याने मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

तिने हात वर नेला आणि नारिंगी हेल्मेटवर, माइकच्या अगदी जवळ, नखाने एकदाच टक केलं.