खंय लागला तुका?

कंदील जरा खाली कर रे बाळा, डोळ्यांवर येतोय.

देवबागचा हरिश्चंद्र तुम्ही पाहिलाय. एका पायावर होड्यांना डांबर लावत बसतो तो. मोरीनं, म्हणजे शार्क माशानं, पाय नेला, असं लोक सांगतात. खोटं आहे. मी त्याचा शेजारी, त्याच्याच तोंडून ऐकलंय.

त्याचा थोरला भाऊ काशीराम फौजेत जखमींना पट्ट्या बांधायच्या कामावर होता. रजेवर आला की वाडीतल्या पोरांना शिकवायचा. आधी विचारायचं, कुठं लागलंय तुला; मग रक्त थांबत नसेल तर मांडीला फडका बांधायचा, त्यात काठी घालून पिळायचा आणि जखमीच्या कपाळावर जांभळ्या पेन्सिलीनं इंग्रजी टी काढायचा. ती खूण बघून डॉक्टर फडका वेळेत सोडतो. नाही सोडला तर पाय मेला.

एकसष्ट साली शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेला आणि काँगोत मारला गेला. कुणाची तरी जखम बांधतानाच. तार आली, मढं आलं नाही. आई, आनंदी, रोज रात्री त्याचं ताट वाढत राहिली. इकडे हरिश्चंद्राचं लग्न ठरलेलं. मुलीचा बाप म्हणाला, आधी मेलेल्याचं उरका. हरिश्चंद्रानं ते ताट अंगणात भिरकावलं.

"मेलो तो. किती दिस मेल्याक जेवक घालतलंस?"

"त्येका जाळूक गेलंस तर तोच येतलो," आई म्हणाली.

मढं नसेल तर दर्भाचा माणूस करून जाळतात. आईची ना, म्हणून भटजी येईनात. हरिश्चंद्र एकटाच निघाला. कार्तिकातली अमावास्या, देवदिवाळीची आदली रात्र. खांद्यावर मांजरपाटात गुंडाळलेला दर्भाचा माणूस. वजन ते काय, गवताचं. पण माडांच्या बागेतून बाहेर पडेपर्यंत त्यानं दोनदा खांदा बदलला. वाळूत आला तेव्हा पावलं घोट्यापर्यंत रुतत होती.

ओझं खाली टाकलं. काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. विझली.

वारा नव्हता.

मग कानाशी, अगदी हळू...

"खंय लागला तुका?"

"खंयच नाय..."

"दाखव."

"माका लागूक नाय, दादा."

मांडीला काहीतरी आवळलं. काठी फिरली. एक पीळ. आणखी एक.

"सोड... दादा, सोड..."

 काठी आणखी एकदा फिरली.

पहाटे रापणीचं जाळं ओढायला आलेल्यांना तो सापडला. मांडीला मांजरपाट, त्यात काठी. पायावर साधा ओरखडा नाही, पण पाय काळानिळा, गार. दर्भाचा माणूस बाजूला उघडाच पडलेला. शेवटी डॉक्टरांनी पाय कापला. मुलीच्या बापानं लग्न मोडलं.

"त्यानंच फडका बांधून घेतला असेल" म्हणतोस? म्हण. कॉलेजात जातोस. मीही तेच म्हटलं होतं.

त्या पहाटे आईही वाळूत आली. रडली नाही. त्याच्या कपाळाकडे बघत राहिली.

"आता म्हण, मेलो तो."

कपाळावर जांभळा टी होता. राखेनं घासला, लिंबानं घासला, खोबरेल चोळलं. जात नाही. हरिश्चंद्र टोपी भुवयांपर्यंत ओढतो ती त्यासाठी. घाम आला की खूण ओली होते... आणि आत्ताच कुणी काढल्यासारखी दिसते.