हरवल्या सोमवारी हरवलेली मेरी

ओर्तान्सबाईंनी ओव्हनमधून सॉसेज-पावांचा ट्रे बाहेर काढला आणि नेमकी तेव्हाच गोडेलीव्ह डोळे पुसत दारात उभी राहिली. आधी ट्रे खाली ठेवला गेला, मग गोडेलीव्हला बसवलं गेलं. गरम वस्तू आधी, रडकी माणसं नंतर, असा त्या घरचा नियम होता.

ओर्तान्स डेकेर्स एकाहत्तर वर्षांच्या. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, पुढची तीस वर्षं बंदरातल्या विमावाल्यांसाठी लबाड माणसं हुडकण्यात गेली, आणि आता त्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून खाजगी तपास करत. सगळे त्यांना बोमा म्हणत, म्हणजे आजी. जावई फोन्सही तेच म्हणे. फोन्स बस चालवायचा. सोमवारी त्याला सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी तो बोमांचा मदतनीस. मदत म्हणजे गाडी चालवणं आणि बोलणी खाणं.

"खा आधी," बोमांनी गोडेलीव्हपुढे बशी सरकवली. "आईच्या हातची चव नाही याला. ती हेरिंग गल्लीतल्या भट्टीत भाजायची. व्हिनेगर गल्लीतल्या बायका पलीकडून आमचा जाळ ओढून घ्यायच्या, मग इकडून तिकडे शिव्या. पण पाव असे फुगायचे म्हणतेस."

"आज जानेवारीतला सण, हरवलेला सोमवार," फोन्स तोंड भरून म्हणाला. "अख्खी स्टाड आज हेच खाते."

"अख्खं. ते स्टाड." बोमांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "बावीस वर्षं माझ्या घरी जेवतोय, पण गेंटची बोली काही सुटत नाही जावईबापूंची."

स्टाड म्हणजे शहर. सगळा फ्लँडर्स 'ती स्टाड' म्हणतो. एकटे अँटवर्पचे लोक 'ते स्टाड' म्हणतात आणि बाकीचा देश ही आपल्या गाड्या लावायची जागा आहे असं समजतात.

गोडेलीव्हने पाव हातातसुद्धा घेतला नाही. "बोमा, पाच वाजता माझा बिल्ला जाणार."

गोडेलीव्ह वाटाडी होती. एकवीस वर्षं ती लोकांना नदीकाठच्या किल्ल्यापासून कॅथीड्रलपर्यंत आणि तिथून हेरिंग गल्लीपर्यंत पायी फिरवून जुनं अँटवर्प दाखवत होती. शेवटचा थांबा त्या गल्लीतलं चौक-अंगण. तिथल्या कोनाड्यात हातभर उंचीची लाकडी मेरी उभी असायची. आज साडेतीन वाजता ती नाहीशी झाली.

"तिघं होते फक्त," ती म्हणाली. "आत गेल्यावर फाटकाला मी स्वतः कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात. दहा मिनिटं त्यांना मोकळं सोडलं आणि मी मेणबत्त्या आणायला खोलीत गेले. येऊन बघते तर कोनाडा रिकामा. अंगणाच्या समितीचे सेक्रेटरी बोस्मान्स धावत आले. तिघांच्या पिशव्या उलट्या केल्या, विहिरीवरचं झाकण उघडलं, कोपऱ्यातल्या जुन्या भट्टीत बॅटरी मारली. आत विटांची भिंत दिसते, बस. फाटक बंद, भिंती दोन मजली. मग किल्ली कुणाकडे? माझ्याकडे. पाच वाजता मेरी नाहीतर बिल्ला, म्हणाले."

"तिघं कुठेयत?"

"कोपऱ्यावरच्या खानावळीत. फेरीच्या पैशात सॉसेज-पाव धरलेला असतो ना."

बोमांनी एप्रन सोडला. "फोन्स, गिळ आणि ऊठ. फुकटचं खाणं टाकून कुणी पळत नाही, पण संपल्यावर थांबतही नाही."

खानावळ ओसंडून वाहत होती. तिघं खिडकीपाशी बसले होते. बोमा न विचारता त्यांच्यात जाऊन बसल्या.

पहिले ईवो स्टासेन्स, हासेल्टचे, जुन्या सामानाचे व्यापारी. पावाआधीच सफरचंदाचा गोड गोळा फोडून जीभ भाजून घेतलेली. "माझ्यावरच सगळ्यांचा डोळा, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "तर ऐका. ती मूर्ती तुम्ही तीनशे वर्षांची म्हणून दाखवता, ती नव्वदची पण नसेल. बोटीच्या सुताराचं काम आहे. वळणं बघा, नांगराच्या खुंटीसारखी कोरलीयत. मला कुणी दिली तरी घेणार नाही."

"आणि शहर कसं वाटलं?"

"ठीक. गर्विष्ठ आहे तुमची ही स्टाड."

"आहेच," बोमा खूष झाल्या.

दुसरा क्विंटन, ब्रुगचा, गळ्यात कॅमेरा आणि शेजारी सुटकेसएवढी पिशवी. "मी फोटो काढत होतो. पण हे सांगा, आज जो तो हेच का खातोय? चौकशी करायला गेलो तर मालकीण हसली नुसती."

"हसणारच. कोनाड्याचा फोटो काढलास?"

"एकदा. मग त्या बाई मध्ये आल्या, म्हणून विहिरीकडे वळलो."

त्या बाई म्हणजे तिसऱ्या. लुटगार्ट रूलांट्स, कोर्टराइकच्या, पंचावन्नच्या आसपास, शाळेत ग्रंथपाल. बशी चाटून पुसून स्वच्छ. जानेवारीची थंडी, पण स्वेटरची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. डावी मनगटावर नीट.

"तुम्ही पूर्वी आला होतात इथं?" बोमांनी विचारलं.

"छे, आज पहिल्यांदाच. कधी योगच आला नाही."

"पाय दुखले असतील."

"दुखले. पण ते स्टाड पायीच बघायला हवं, नाही का?" बाई हसल्या. हसू चांगलं होतं. फोन्सला त्या आवडल्या.

बोमांनी त्यांची रिकामी बशी थोडा वेळ न्याहाळली. मग उठल्या. "पावणेपाच झाले. सगळे अंगणात चला. फोन्स, तू नाही. तू कोट काढ, बाही वर कर आणि व्हिनेगर गल्लीत जा. सात नंबरच्या घराशेजारी हिरवं लोखंडी दार आहे, गुडघ्याएवढं. उघड आणि हात घाल."

"काय शोधू?"

"हाताला लागेल ते. आणि चावलं तर सोडू नकोस."

अंगणात सेक्रेटरी बोस्मान्स घड्याळ बघत उभे होते. गोडेलीव्हने बिल्ला काढून आधीच मुठीत धरला होता.

पाच वाजायला तीन मिनिटं असताना फोन्स फाटकातून आला. उजवा हात खांद्यापर्यंत काळा. त्या हातात मेरी, ती त्याच्याहून काळी.

"भट्टीत होती," तो म्हणाला.

"भट्टीत मी स्वतः पाहिलं," बोस्मान्स म्हणाले. "आत भिंत आहे."

"अर्धी," बोमा म्हणाल्या. "ती भट्टी दोन गल्ल्यांची आहे, मेनीर बोस्मान्स. एक तोंड इकडे, एक पलीकडे, मध्ये विटांचा आडोसा, वर वीतभर फट. त्या फटीतून आमचा जाळ चोरीला जायचा. फाटक उघडावं लागलंच नाही. मेरी या तोंडातून उचलून आडोशापलीकडे ठेवली, की बाहेरून फेरी संपल्यावर हिरव्या दारातून काढून घ्यायची. पण हे कुणाला ठाऊक? भिंतीवर लिहिलेलं नाही. गोडेलीव्ह नदीपलीकडची, तिलाही माहीत नाही. या गल्लीत वाढलेल्या माणसालाच ठाऊक, नाहीतर त्याच्या लेकरांना."

"आम्ही तिघंही बाहेरचे आहोत," ईवो म्हणाले.

"तिघं तसं म्हणालात खरं. तुम्ही गोड आधी खाल्लंत, इथं ते शेवटी खातात, आणि 'ती स्टाड' म्हणालात. या पोराला आज काय खातात हेच कळेना. मादाम रूलांट्सनी काहीच विचारलं नाही. आणि 'ते स्टाड' म्हणाल्या."

लुटगार्टनी उजवा हात पाठीमागे नेला.

"असा शब्द कुणी शिकत नाही," बोमा म्हणाल्या. "बावीस वर्षं मी याला शिकवतेय, येत नाही. तो आईच्या तोंडून येतो. आणि एवढ्या थंडीत एकच बाही का वर असावी? हात धुता येतो, लोकर नाही. उलगडा ती बाही, बाई. नाहीतर राहू दे. फोन्सचा शर्ट बघून सगळ्यांना कळलंच आहे."

लुटगार्टनी बाही उलगडली. कोपरापासून मनगटापर्यंत काजळी.

"मी आणून देणार होते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी. माझी आई पाउला याच अंगणात जन्मली. ही मेरी तिच्या बापाने कोरली, तो बोटींचा सुतार होता. आई एक्याण्णवची आहे. माझं नाव विसरली. पण रोज विचारते, मेरीपुढे दिवा लावलास का. मी समितीला दोनदा पत्र लिहिलं, एक आठवडा द्या म्हणून."

बोमा बोस्मान्सकडे वळल्या. "आली होती पत्रं?"

बोस्मान्सनी घड्याळावरची नजर काढून बुटांवर ठेवली. "आम्ही महिन्यातून एकदाच बसतो."

"बसता, एवढं खरं." बोमांनी फोन्सच्या हातून मेरी घेतली आणि गोडेलीव्हच्या हातात ठेवली. "पाचच्या आत वाटाडीने मेरी आणून दिली. लिहून ठेवा. आणि तू गं," त्या लुटगार्टला म्हणाल्या, "या बाईच्या गळ्यावर बिल्ल्याची सुरी फिरत होती आणि तू कोपऱ्यावरच्या खानावळीत सॉसेज खात होतीस. त्याचं काय?"

"मला वाटलं नव्हतं त्यांच्यावर येईल. कळलं तेव्हा तोंड उघडायचा धीर झाला नाही." लुटगार्टनी गोडेलीव्हचा हात धरला. "चूक झाली."

गोडेलीव्हने बिल्ला परत छातीवर टोचला. दोनदा प्रयत्न करावा लागला. मग म्हणाली, "तीनशे वर्षांची मेरी म्हणून मी एकवीस वर्षं लोकांना थाप मारतेय. तुमच्या आजोबांचं नाव काय?"

"रुम्बाउट."

"पुढच्या फेरीपासून तेच सांगीन."

"मेरी कोर्टराइकला जाणार नाही," बोमा म्हणाल्या. "पण पाउला इथं येऊ शकते. जावईबापूंना सोमवारी सुट्टी असते."

पुढच्या सोमवारी फोन्सने चाकाची खुर्ची हेरिंग गल्लीच्या दगडांवरून हळूहळू ढकलत आणली. पाउला शालीत गुंडाळलेली, डोळे कुठेतरी लांब. लुटगार्टनी पेटवलेली मेणबत्ती तिच्या हाती दिली आणि तो हात धरून कोनाड्यापाशी नेला. धुऊन पुसून मेरी लख्ख झाली होती. ज्योत स्थिरावली. म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

शांतता फोन्सला कधी सोसत नाही. तो वाकून मोठ्याने म्हणाला, "मग आजी, इतक्या वर्षांनी कशी काय वाटली ती स्टाड?"

पाउलाने मान वळवून त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"ते," ती म्हणाली. "ते स्टाड. कुठला रे तू?"

लुटगार्ट रडता रडता हसल्या. बोमांनी सॉसेज-पावांचा डबा उघडून पहिला पाव पाउलाच्या हातात दिला.

"गेंटचा आहे," त्या म्हणाल्या. "चालवून घे."