मेतोदची काडतुसं

आमच्या तळघरात सफरचंदांच्या पेट्या असतात आणि पेट्यांना लागून, खिडकीखाली, माझ्या नवऱ्याचं, मेतोदचं, काडतुसं भरायचं प्रेस. शनिवारी जेवण झालं की तो खाली उतरायचा, रेडिओ लावायचा, आणि वर स्वयंपाकघरात मला प्रेसच्या दांड्याचा आवाज यायचा. खट्, मग जरा थांबणं, मग हलकं कुर्र. त्या थांबण्यात तो बंदुकीची दारू मापत असे. दांडा खाली येताना घाई नाही, वर जाताना घाई नाही. मी त्याच तालावर भांडी घासायचे, आणि हे मला तो गेल्यावर कळलं. एका शनिवारी भांडी घासायला उभी राहिले तर हात कसा चालवायचा तेच सुचेना.

मी बाई रोखठोक. व्सेतीन शहरातल्या कारखान्यात तपासणी विभागात आयुष्य गेलं. केसाच्या जाडीएवढा फरक सापडला की माल परत, मग समोर साहेब का असेना. मेलेली माणसं दिसतात म्हणणाऱ्या बायकांना मी सरळ डॉक्टरचा पत्ता द्यायचे. तेव्हा पुढचं सांगते ते पाहिलं तसं सांगते. कुणाला पटवायची मला हौस नाही.

आमच्या संसारात मेतोद काडतुसं भरायचा आणि मी उडवायचे. लग्नाआधी तो माझ्यापेक्षा चांगला नेमबाज होता, हे तो प्रत्येक जेवणाला सांगायचा. पुढे नजर अधू झाली, नेम गेला, पण बोटं गेली नाहीत. रिकामी पुंगळी धुवायची, बुडातली ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू मापायची, वर गोळी दाबायची. सोपं काम आहे, आणि त्यात एक चूक झाली तर माणसाचा डोळा जातो. मेतोदच्या हातून कधी चूक झाली नाही.

सामान निवडायची त्याची एकच रीत होती. पिस्तुलात काडतुसं भरायचं नवं मॅगझिन आणलं की ते आधी ओल्या खडीत फेकायचं, उचलून नुसतं झटकायचं आणि मग उडवायचं. एकदा जरी अडकलं तरी ते घरात परत येत नसे. माझं पिस्तूल जुनं, पोलादी, जड. त्याच्या मुठीला मेतोदनं अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या बसवल्या होत्या, माझ्या आखूड बोटांना बेतून, स्वतः तासून. आमचा मुलगा हिनेक म्हणायचा, आई, ते पिस्तूल संग्रहालयाला दे आणि चष्म्यासकट स्वतःही तिथं बस. मग मी त्याला त्याच पिस्तुलानं हरवायचे आणि घरी येऊन कोबीचं आंबट सूप त्याच्याच हातून वाढून घ्यायचे.

आमचा क्लब गावावरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत. तीन बाजूंनी कातळ, मधे खडीचं मैदान, उजव्या अंगाला काटेरी झुडपं. दुसऱ्याच्या हातची काडतुसं उडवू नयेत हे सगळीकडचे नेमबाज पाळतात. आमच्या खाणीत त्याला एक जोड होती. उडवायचीच असतील, तर ज्यानं भरली त्यानं उडवणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागं हातभर अंतरावर उभं राहायचं. पिस्तूल रिकाम्या पुंगळ्या उजवीकडं फेकतं, आणि फुटलंच तर तुकडेही तिकडंच जातात. चूक तुझी, तर तुकडे तुझ्याही तोंडावर. कुण्या आजोबानं घालून दिलेला दंडक होता, आणि तो मोडायचं धाडस कुणाला झालं नाही.

म्हणजे बघा, माझा नवरा ऐन तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत माझ्या उजव्या खांद्यामागं उभा राहिला. माझ्या पुंगळ्या त्याच्या कोटावर टक् टक् आपटायच्या आणि त्याच्या बुटांपाशी पडायच्या. बाकीचे लोक फेरी झाल्यावर झुडपांत रांगत आपलं पितळ शोधायचे, काट्यांना शिव्या घालायचे. आमचं सगळं एका ढिगात. मेतोद वाकून ते टोपीत गोळा करायचा. मैदानाचा प्रमुख ओर्शाग त्याला चिडवायचा, की तुझं पोट क्लबच्या मालमत्तेत नोंदवून घ्यायला हवं. मला तेव्हा त्याचं फार काही वाटत नसे. पाठीमागं माणूस असतोच, असं वाटायचं.

शेवटच्या वर्षी मेतोदचं विसरणं सुरू झालं. कॉफीत मीठ घातलं. एकदा मला त्याच्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि आई कुठाय म्हणून विचारलं. पण शनिवारी पाय बरोबर तळघराकडं वळायचे. त्याला अडवायला माझा जीव धजला नाही. मी शेजारी स्टुलावर बसून डोळ्यांत तेल घालून बघायचे, पण रेडिओच्या उबेत कधीतरी डुलकी लागायचीच. थंडीत तो गेला. फळीवर त्याच्या अक्षरातले डबे राहिले.

पुरून आलो त्याच आठवड्यात हिनेकनं विषय काढला. भुलणारा हात एकतर दारू घालायची विसरतो, नाहीतर घातलेली विसरून पुन्हा घालतो. दुप्पट दारूनं पिस्तूल फुटतं. वजन करूनही कळत नाही, कारण पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातच त्याहून जास्त फरक असतो. हे मला त्यानं शिकवायला नको होतं.

"आई, सगळी फोडून टाक," तो म्हणाला. "बाबा आवडणं वेगळं आणि बाबांची काडतुसं उडवणं वेगळं."

मी हो म्हणाले. आणि एकही फोडलं नाही. ती फोडायची म्हणजे त्यानं केलेलं शेवटचं काम माझ्या हातानं मोडायचं. माझ्यानं ते होणार नव्हतं, बस.

बर्फ वितळल्यावर एका कामाच्या दिवशी पहिला डबा घेऊन मी खाणीत गेले. ओर्शाग एकटाच होता, पुठ्ठ्याची लक्ष्यं चिकटवत. कुणाच्या हातची, असं त्यानं विचारलं आणि मी माझ्याच म्हणून ठोकून दिलं. एकेक करून सावकाश बार काढले. कानावर संरक्षक लावलेले असतात, तरी मला ते जाणवलं. टक्. टक्. कोटावर आपटल्यासारखं.

पिस्तूल म्यानात ठेवून मागं वळले. खडी होती, दुसरं काही नाही. पण पुंगळ्या झुडपांत गेल्या नव्हत्या. हातभर अंतरावर एका ढिगात पडल्या होत्या.

ओर्शागनं वाकून ढीग पाहिला. मग म्हणाला, वारा असेल. झाडाचं पान हलत नव्हतं.

मी घरी जाऊन पिस्तूल खोललं. पुंगळी ओढून काढणारी आकडी तपासली, तिची स्प्रिंग बदलली. दुसऱ्या खेपेला दुकानातली काडतुसं नेली, ती थेट झुडपांत उडाली. मेतोदची घातली, ती ढिगात. मग मी एकाच मॅगझिनमध्ये एक विकतचं, एक त्याचं, असं आलटून पालटून भरलं. एक झुडपात, एक ढिगात. एक झुडपात, एक ढिगात. कारखान्यात असते तर या मालावर काय शेरा मारला असता, कुणास ठाऊक.

त्यानंतर मी तपासणं सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. पुढच्या वेळी मी ओठांना रंग लावून खाणीत गेले. ओर्शागनं पाहिलं आणि बिचारा लक्ष्यं चिकटवायला वळला. लक्ष्याकडं तोंड करून मी हळूच बोलायचे. शेजारणीला नात झाली. तुझ्या सफरचंदाच्या झाडाला यंदा कीड आहे. हिनेकचा स्वभाव दिवसेंदिवस तुझ्यावर जातोय. उत्तर कधी आलं नाही, पण उत्तर देणारा तो आधीही नव्हताच. पिस्तूल हातात असताना आमच्यात मागं वळून बघत नाहीत. नळी सतत कातळाकडं हवी. त्या नियमाचे मी पहिल्यांदाच आभार मानले, कारण न वळता उभं राहिलं की तो असायचा.

डबे मात्र संपत चालले. कंजुषीनं उडवायला लागले, तरी संपत चालले. एका शनिवारी मीच तळघरात उतरले, त्याचा रेडिओ लावला, त्याच्याच मापानं, त्याच्याच प्रेसवर भरली. खाणीत नेली तर पुंगळ्या एकजात झुडपांत. बरोबरच होतं म्हणा. ज्यानं भरली त्यानं उभं राहायचं, आणि ही माझी होती. त्या दिवशी काट्यांत रांगताना मी पोटभर रडले.

हंगाम संपतानाचा सामना सप्टेंबरात असतो. भाजलेल्या सॉसेजचा धूर, प्लमच्या ब्रँडीच्या छोटे पेले, पोरांचा गोंधळ. मी शेवटचा डबा नेला होता. मनाशी ठरवलं होतं की आज एवढी उडवायची, मेतोदचा नीट निरोप घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. माझी पाळी आली आणि मॅगझिन भरताना हिनेकनं डब्यावरचं अक्षर ओळखलं.

तो वाकून अगदी हळू बोलला, चार लोकांत आईचा अपमान नको म्हणून. "ही बाबांची आहेत. हंगामभर हेच चाललंय ना तुझं?"

"शेवटचीच आहेत."

"यात एक तरी वाईट असणार, आणि ते तुलाही माहीत आहे. तुझे डोळे गेले तर मी काय करू?"

"माझे डोळे आहेत, हिनेक. मी बघेन काय करायचं ते."

तो लाल झाला. मग म्हणाला, ठीक आहे, नियम तर नियम. भरणारा नाही, तर त्याचा मुलगा उभा राहील. आणि तो माझ्या उजव्या खांद्याकडं निघाला.

"तिथं नको," मी म्हणाले. "ती जागा रिकामी नाही."

तो त्या जागेपर्यंत गेला आणि थांबला. माझ्याकडं बघितलं नाही. मग एक पाऊल मागं सरकला, अरुंद दारात मोठ्या माणसाला वाट देताना सरकतात तसा. तिथून जाऊन तो ओर्शागशेजारी उभा राहिला.

ओर्शागनं टायमर माझ्या डाव्या कानामागं धरला. शिट्टी वाजली.

हात आपोआप चालले. पहिलं लक्ष्य, दुसरं, डावीकडचं लोखंडी. टक्, टक्, टक्. इतकं सुंदर मी कित्येक वर्षांत उडवलं नव्हतं. मला हसू येत होतं.

मग हातात काहीतरी फुटलं.

आवाज गोळीच्या बाराचा नव्हता, मोठा दरवाजा आपटावा तसा होता. मनगट बधिर झालं. मॅगझिन तुटून पायाशी पडलं. अक्रोडाची उजवी पट्टी गेली होती, आकडी गेली होती, पोलाद उघडं पडलं होतं. ओर्शाग थांब म्हणून ओरडला, पण मी थांबलेलेच होते.

मी बोटं हलवून पाहिली. सगळी होती. चष्म्यावर ओरखडा नाही, गालावर रक्त नाही.

झुडपांत काही पडल्याचा आवाज आला नाही.

माझ्या मागं, उजव्या हाताला, खडी करकरली. आधी थोडीशी, पाय बदलल्यासारखी. मग एकदम पुष्कळ, जड माणूस गुडघ्यांवर येऊन कुशीवर कलंडावा तशी.

सगळ्यांनी ऐकलं. सॉसेजपाशी उभ्या असलेल्या पोरांनीसुद्धा माना वळवल्या.

मी वळले नाही. फुटकं पिस्तूल हातात होतं आणि नळी कातळाकडं होती. इतके महिने मला वाटत होतं की धोका माझ्या एकटीचा आहे. तो का उभा राहतो, कशासाठी उभा राहतो, हे मला लहानपणापासून पाठ होतं, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

"मेतोद," मी म्हणाले.

ओर्शागनं माझी बोटं एकेक करून सोडवली आणि पिस्तूल काढून घेतलं. तेव्हा कुठं मी मागं वळले.

हिनेक माझ्याआधी तिथं पोचला होता. पुंगळ्यांच्या ढिगाशेजारी तो गुडघ्यांवर बसला होता, समोर नुसती खडी, आणि खडीकडं बघून तो ओठांतल्या ओठांत बाबा, बाबा म्हणत होता. मग त्यानं अंगातलं जॅकेट काढलं आणि दोन्ही हातांनी धरून, झोपलेल्यावर पांघरूण घालावं तसं, हलकेच खाली सोडलं.

जॅकेट खडीला टेकलं नाही.