खोली खाली नाही!

त्रिवेणीला समीर पहिल्यांदा दिसला तो लुंगीत, खुर्चीवर मांडी ठोकून, गाल फुगवून.

"खोली खाली नाही!" तो खेकसला.

"मला खोली नकोय... मी शाळेत शिक्षिका आहे, रविवारी इथे बालगृहात शिकवायला—"

"नवऱ्यानं टाकलं काय? जात कोणती? मटण शिजवता?"

त्रिवेणीची कानशिलं तापली. बरकतपुऱ्याच्या वकील दिगंबररावांच्या लेकीशी असं कोण बोलतं? तेवढ्यात मागून पोरापोरींचं हसू फुटलं. घरमालक खोटा होता! तोंडातलं पानही खोटं, नुसती बडीशेप. अठरा झाले की बालगृह सोडावं लागतं. बाहेर खोली कशी मागायची, त्याचा हा रविवारचा तास.

समीर इथलाच. एक पत्र्याची पेटी घेऊन तोही असाच बाहेर पडला होता. आता नारायणगुड्यात एसी दुरुस्त करायचा.

"रडायचं नक्को, खोटं बोलायचं नक्को," तो शिकवायचा. "कोणाची म्हणून विचारलं की नजर वर. 'कोणाची नाही जी, भाडं वेळेवर देईन.' आणि मालक 'बघू' म्हणाला की गुपचूप चप्पल घालायची. मागं वळून बघायचं नाही."

मग त्रिवेणीकडे वळून, अगदी मालकाच्या आवाजात, "तुमचं लग्न झालंय?"

"मालकानं भाड्याचं विचारावं."

"हौ जी... पण खोली दोघांची आहे ना!"

पोरं शिट्ट्या मारायची. त्रिवेणी रागावल्यासारखं करायची आणि बसमध्ये एकटीच हसायची. त्याच्या बोटांना तांब्याच्या तारेचा वास यायचा... तो तिला आवडायला लागला होता, काय करणार?

मग बालगृहातल्या स्नेहाला अठरा झाले, तिची बाहेर पडायची वेळ आली. कोठी भागातल्या दवाखान्यात नोकरी मिळाली, खोली मिळेना. एकट्या, बिनआईबापाच्या पोरीला कोण देतं? मागच्या वर्षी बाहेर पडलेली एक पोरगी काही दिवस काचीगुडा स्टेशनावर झोपली. पुढं तिचं काय झालं, कोणालाच माहीत नाही.

"आमच्या माडीवरची खोली रिकामीच आहे," त्रिवेणी म्हणाली. "बाबा देतील."

समीरचा चेहरा उतरला. "पोरीला आशा नको लावू, त्रिवेणी."

"माझे बाबा तसे नाहीत!"

त्रिवेणी स्नेहाला घरी घेऊन गेली, तेव्हा बाबांनी चहा चांगल्या कपांत मागवला. गोड हसले. "कोणाची ग तू?"

स्नेहानं नजर वर केली. "कोणाची नाही जी. भाडं वेळेवर देईन."

बाबा पंख्याकडे बघत राहिले. "बघू हं, बाळ."

कपातून वाफ येत होती. स्नेहा उठली, चप्पल घातली आणि गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

पुढच्या रविवारी त्रिवेणी आली ती बॅग घेऊनच. "मी स्नेहासोबत राहते. शाळेचा माझा पगार दोघींना पुरेल."

"आणि बाबा?"

"म्हणाले, गेलीस तर परत येऊ नकोस."

समीरनं लुंगी सोडून पँट चढवली. त्या दिवशी कोणी हसलं नाही. तिघं निघाले. गल्ल्या तुडवल्या, जिने चढले, उतरले. कुठे 'बघू', कुठे नुसतंच दार बंद. ऊन कलताना एका दारात म्हातारा मालक चष्मा सावरत म्हणाला, "ह्या दोघी राहणार? आणि हा कोण?"

दर रविवारी घरमालक होणारा समीर, खऱ्या मालकापुढं मान खाली घालून उभा!

त्रिवेणीनं नजर वर केली. "ही माझी बहीण जी. हा माझा होणारा नवरा. भाडं वेळेवर देऊ."

म्हातारा आत गेला.

"खोटं बोलायचं नाही म्हणून शिकवलं होतं ना—" समीरचा आवाज फुटला. "मी कोणाचा नाही, त्रिवेणी."

"मी खोटं बोलले नाही. तूच विचारायला उशीर करतोयस."

त्याची तारेचा वास असलेली बोटं हळूच तिच्या बोटांत आली.

स्नेहानं मात्र एक पाय चप्पलेत घालूनच ठेवला होता.

आत किल्ल्या वाजल्या.